गुळवेलीपासून गल्ल्यापर्यंत : नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका तलमडुगु आणि आसपासच्या होतकरू मंडळींसाठी आहे. ज्यांच्या वावरात कपाशी आहे, धुऱ्यावर कडुनिंब आहे आणि निंबावर गुळवेल चढली आहे, त्यांनी पुढे वाचावं. कपाशीने काय दिलं ते ज्याचं त्याला ठाऊक. निंब सावली देतो. वेलीकडे मात्र आपण कधी पाहिलं नाही, आणि तिकडे तिच्या जातभाईंच्या नावाने आकडे फुगताहेत. २०१४ साली आयुष औषधांचा धंदा ३ अब्ज डॉलरच्या आत होता, तो १८ अब्जांच्या पुढे गेला, असं पंतप्रधानांनी एप्रिल २०२२ मध्ये गांधीनगरला सांगितलं. आदल्याच दिवशी जामनगरला जागतिक आरोग्य संघटनेच्या पारंपरिक औषधांच्या केंद्राची पायाभरणी झाली होती. एवढं सगळं चाललेलं असताना आपली वेल धुऱ्यावर फुकट लोंबकळावी, हे बरं दिसत नाही.

भांडवल फारसं लागत नाही. एक विळा, एक पोतं आणि एक आजोबा. आजोबांकडे नंतर येऊ.

पायरी पहिली : वेल ओळखणे

तेलुगूत तिप्पतीगा, हिंदीत गिलोय, मराठीत गुळवेल आणि डबीवर 'अमृता'. संस्कृतात हिला छिन्नरुहा असंही म्हणतात, म्हणजे तोडली तरी पुन्हा फुटणारी. धंद्यासाठी यापेक्षा गुणी माल मिळणार नाही. देठ आडवा कापला की आत गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात, म्हणून चक्रलक्षणा. पान हृदयाच्या आकाराचं, हाताला गुळगुळीत. देठाची वरची साल कागदासारखी सुटते. निंबावर चढलेली वेल जास्त गुणाची, असं सगळेच सांगतात. आपल्याकडे ती निंबावरच आहे, तेव्हा हा मुद्दा आपण वादात न घेता जाहिरातीत घेऊ.

आता अडचण. हिला दोन बहिणी आहेत. एकीच्या पानांवर बारीक लव असते, दुसरीच्या देठावर चामखिळींसारखे फोड. वेलीवर असताना तिघी वेगळ्या ओळखू येतात. तुकडे करून पोत्यात भरल्यावर एकमेकींसारख्या दिसू लागतात. वाळवून कुटल्यावर त्यांना जन्म देणारी मातीसुद्धा ओळखणार नाही.

म्हणून एक माणूस शोधा. रानातल्या वनस्पती नावारूपाने कुणाला ठाऊक असतात याचं उत्तर चरकसंहितेत दिलेलं आहे आणि ते वैद्य मंडळींना फारसं सुखावणारं नाही : शेळ्या, मेंढ्या आणि गुरं राखणाऱ्यांना. तलमडुगुत असा माणूस मिळायला अडचण नाही. सकाळी दहाच्या सुमारास कुठल्याही वाटेवर उभे राहा. तो गोंडीत बोलेल, कोलामीत बोलेल, लंबाडीत बोलेल किंवा आपल्यासारखाच अर्ध्या वाक्यात तेलुगू आणि अर्ध्यात मराठी. त्याला नाव विचारू नका. 'दाखव' म्हणा. तो काठीने दाखवील.

नाव विचारलं की घोटाळा सुरू होतो, आणि तो आपल्या सीमेपुरता नाही. ब्राह्मी मागितली तर कुणी एक पाणथळातली बारीक पानांची वनस्पती देतो, कुणी गोल पानांची मंडूकपर्णी. शंखपुष्पीच्या नावाखाली निदान तीन वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यातली एक म्हणजे आपली कुंपणावरची गोकर्ण. रास्ना उत्तरेत एक, दक्षिणेत दुसरीच. अशोकारिष्टासाठी लागणारा अशोक वेगळा आणि शाळेच्या आवारात सरळसोट उभा असतो तो वेगळा. साल मात्र दोघांचीही बाजारात येते. आपण तर अशा जागी राहतो की १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरासुद्धा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्य बदललं तसं झाडाचं नाव बदललं. झाडाला कुणी कळवलं नाही.

जाता जाता पाटीविषयी एक सूचना. तेलुगूत औषध म्हणजे मंदु, दारू म्हणजेही मंदु आणि कपाशीवर फवारायचं विष म्हणजेही मंदुच. आपणही मागे नाही. 'दवादारू' हा जोडशब्द आपलाच, आणि कपाशीला आपण 'औषध मारतो'. तेव्हा दुकानावर नुसतं 'मंदु' लिहू नका. संध्याकाळी भलतंच गिऱ्हाईक येईल.

पायरी दुसरी : वेल विकू नये

नवशिक्याची पहिली चूक ही की तो वेल विकायला निघतो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या कातकरी तरुणांची गोष्ट २०२१ मध्ये सरकारी पत्रकातून सगळीकडे गेली. त्यांच्या वनधन केंद्राला मोठमोठ्या औषध कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची मागणी आली, किंमत १ कोटी ५७ लाख रुपये. ऐकायला भारी वाटतं, आणि ते भारीच आहे. दलालाला वळसा घालून थेट कंपनीशी बोलणं ही या सबंध मार्गदर्शिकेत मी मनापासून सुचवीन अशी एकच गोष्ट आहे. पण भागाकार करून बघा. किलोला पंचेचाळीस रुपयांच्या आतबाहेर. आता आदिलाबादला एखाद्या औषधाच्या दुकानात जा, गुळवेलीच्या गोळ्यांची डबी हातात घ्या, वजन आणि किंमत वाचा आणि किलोचा भाव काढा. हिशेब कागदावर करा, तोंडी केला तर भोवळ येते.

लागवडीच्याही फंदात पडू नये. दोन हजार सालाच्या आगेमागे विदर्भ-खानदेशात सफेद मुसळीचा ताप आला होता. बेणं सोन्याच्या भावाने विकलं गेलं, 'माल आम्हीच उचलणार' असं सांगितलं गेलं, आणि मुसळी निघाली तेव्हा उचलणारे निघून गेले होते. ज्यांनी बेणं विकलं त्यांचं मात्र पीक उत्तम आलं. (या मुसळीचं शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडलं आहे. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये तिला ते दिलं. जमिनीचा भाव वाढण्याचा गुण तिला तिथूनच लागला असावा.)

तात्पर्य, वेल विकायची नाही, डबी विकायची.

पायरी तिसरी : आजोबा

डबीला परंपरा लागते. पनवेलचं धूतपापेश्वर १८७२ चं आहे, डाबर १८८४ चं, सांडू १८९९ चं. त्यांच्याशी वर्षांची बरोबरी करायला जाऊ नका, हराल. तुमचे आजोबा कापूस पिकवत होते आणि पोट दुखलं की ओवा खात होते. ते पुरेसं आहे. फेटा बांधलेला फोटो शोधा. फोटो नसेल तर शेजाऱ्यांच्या आजोबांचा घ्या, फेट्यात सगळे सारखे दिसतात.

हैदराबादला मृगाच्या सुरुवातीला बत्तिनी कुटुंब दम्यासाठी जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून देतं. १८४५ साली एका साधूने ही कृती दिली, असं ते सांगतात, आणि औषधात काय असतं ते सांगत नाहीत. फुकट देतात, हा त्यांचा मोठेपणा. तुम्ही त्यांच्याकडून फक्त गुपित घ्या.

पण एक सावधगिरी. परंपरा ही गोष्ट पावती ठेवून वापरावी लागते. जखमेवर हळद लावण्याचा शोध अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठातल्या दोघांनी लावला आणि १९९५ मध्ये त्यांना त्याचं पेटंटही मिळालं. तुमच्या आत्याने तुमच्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबली होती ती त्याआधी. पण आत्याने ते कुठे छापलं नव्हतं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्यांच्या संस्थेने जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले दाखले काढून समोर ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. त्यानंतर २००१ पासून असे दाखले संगणकात भरून ठेवायचं काम सुरू झालं. म्हणजे आत्या बरोबर होती हे सिद्ध करायला ग्रंथ लागले. तुमच्या आजोबांसाठीही एखादा बघून ठेवा.

परवाना

या कामाला दोन दारं आहेत. पहिल्या दाराने गेलात तर औषध शास्त्रोक्त हवं : कायद्याला जोडलेल्या यादीत पन्नासहून अधिक ग्रंथ आहेत, त्यातल्या एखाद्यात जशी कृती तशीच बनवायची. मग ते गुणकारी आहे का, हे नव्याने दाखवावं लागत नाही; ग्रंथकाराने सांगितलं आहे आणि तो उलटतपासणीला येणार नाही. दुसऱ्या दाराने गेलात तर ग्रंथांतलेच घटक घेऊन स्वतःची कृती करता येते, नावही मनासारखं ठेवता येतं, पण २०१० च्या नियमाप्रमाणे गुणाचा थोडाफार पुरावा जोडावा लागतो. जागा किमान १२०० चौरस फूट. युनानीही बनवायचं असेल तर आणखी ४००.

यापूर्वी घरात बसून एक ठरवा : आपण काढतोय ते औषध आहे की सौंदर्यप्रसाधन? हा प्रश्न आयुर्वेदाचा नाही, कराचा आहे. विकोच्या हळदीच्या क्रीमबद्दल अबकारी खात्याने तो विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत कित्येक वर्षं गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. औषधच, असं ठरलं आणि विको जिंकली. तोवर ज्या मुलींच्या लग्नात ते क्रीम लावलं होतं त्यांच्या मुलींची लग्नं आली होती.

पायरी चौथी : संशोधन (घाई असेल तर गाळा)

घाई नेहमीच असते, म्हणून बहुतेक जण गाळतात. पण 'संशोधनातून सिद्ध' असं छापल्याशिवाय शिकलेलं गिऱ्हाईक हल्ली हात लावत नाही, तेव्हा निदान तोंडओळख असू द्या.

सोपी पद्धत अशी. घरातल्या अकरा जणांना महिनाभर काढा पाजा आणि मग विचारा, कसं वाटतंय? आठ जण 'बरं वाटतंय' म्हणतील, कारण काढा तुम्ही केलाय आणि उद्याही तुमच्याच घरात जेवायचं आहे. एक जण विचारलंत तेव्हा वावरात गेलेला असेल. उरलेल्या दोघांना जुलाब झाले असतील, त्यांना 'शरीरशुद्धी' या रकान्यात घाला. ७३ टक्के गुण. छापा.

अवघड पद्धत तुम्हाला आधीच येते, फक्त तिला संशोधन म्हणतात हे कुणी सांगितलं नाही. बियाण्याचा एजंट नवं वाण घेऊन येतो तेव्हा तुम्ही ते अख्ख्या वावरात टाकत नाही. चार तासं नव्याची, चार जुन्याची. माती तीच, पाऊस तोच. शेवटी बोंडं मोजता. एजंट गोड बोलला म्हणून झाड जास्त बोंडं धरत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. (हाच माणूस स्वतःच्या गुडघ्यासाठी टीव्हीवरचं तेल मागवतो तेव्हा चार तासं कुठे जातात, मला कळलेलं नाही.) माणसांवर हेच करायचं म्हणजे निम्म्यांना औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी कोरी गोळी किंवा आधीपासून चालत आलेलं औषध, आणि कुणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. गावात हा शेवटचा भाग जड जातो. आमच्याकडे कुणाच्या चुलीवर काय शिजलं तेही लपत नाही.

पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघेदुखीवर हे करून पाहिलं. ४४० रुग्ण, २४ आठवडे. एका बाजूला सुंठ, गुळवेल, आवळा, सालई यांची औषधं. दुसऱ्या बाजूला ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब. २०१३ मध्ये निकाल छापून आला : आयुर्वेदिक औषधं तोडीस तोड ठरली. तुम्ही फटाक्यांची माळ आणायला निघाल, पण थांबा. त्यांनी त्याच निबंधात हेही लिहिलं की काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित एक आकडा वाढलेला आढळला, त्रास मात्र काही जाणवला नाही. असल्या माणसांपासून नवशिक्याने चार हात लांब राहावं. ते सगळं मोजतात आणि मोजलेलं सगळं छापतात.

आपल्या वेलीचं यकृताशी जुनं नातं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या गटाने गुळवेलीवर बरीच वर्षं काम केलं. पित्ताची वाट अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेल दिली तर काय होतं, हे त्यांनी गुळवेल न दिलेल्या रुग्णांशी ताडून पाहिलं आणि १९९३ मध्ये आशादायक निकाल छापला. हा निबंध चौकटीत बसवून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावा.

मग करोना आला. सगळा देश काढा पिऊ लागला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतच डॉक्टरांना सहा असे रुग्ण दिसले ज्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि जे गुळवेल घेत होते. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने लगेच उत्तर दिलं की यांनी वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही; चामखिळीवाली बहीण असेल. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ ठिकाणांहून ४३ रुग्ण एकत्र करून आणखी एक निबंध आला. तेच शहर, तीच वेल, तेच यकृत. एकदा बरं, एकदा वाईट. दोन्ही खरं असू शकतं. मात्रा, किती दिवस घेतली, कुणाला आधीपासून काय आजार होता, आणि पोत्यात नेमकी कोणती बहीण होती, एवढं विचारल्याशिवाय भांडण सुटत नाही. हे चौकटीत मावत नाही, म्हणून दुसरा आणि तिसरा निबंध कपाटात ठेवा.

संशोधन फारच यशस्वी झालं तर काय होतं, तेही ऐका. सर्पगंधा उन्माद आणि रक्तदाबावर चालते, हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात तिचा रक्तदाबावरचा अनुभव मांडला आणि जग जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. नंतर जंगलातून मुळं उपटायची अशी काही झुंबड उडाली की आज सर्पगंधेचं नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. तिचं नाव छिन्नरुहा नव्हतं.

जाहिरात

१९५४ च्या कायद्याला जोडलेल्या यादीत ५४ आजार आहेत. त्यांच्यापुढे 'हमखास बरा होतो' असं लिहायचं नाही. मधुमेह त्या यादीत आहे, म्हणून डबीवर 'साखरेला लगाम' लिहा आणि शेजारी घोडा काढा. आयुष औषधांच्या जाहिरातीसाठी आधी परवानगी घ्यावी असा नियम २०१८ मध्ये आला, १ जुलै २०२४ रोजी सरकारने तो काढून टाकला, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या काढण्याला स्थगिती दिली आणि २०२५ मध्ये ते प्रकरणच बंद केलं. एवढ्या काळात होतकरू माणसाच्या दोन दिवाळ्या निघतात.

'शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य मात्र हवंच. धोत्रा नैसर्गिक आहे, बचनाग नैसर्गिक आहे, बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर काय होतं ते आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण कुणी हे बोललं तर त्याला सांगा, चांगल्या कामात बिब्बा घालू नको.

तक्रार आली तर

येईल. २००४ मध्ये अमेरिकेत एक निबंध छापून आला : बोस्टनच्या आसपास देशी दुकानांतून ७० आयुर्वेदिक डब्या विकत घेऊन तपासल्या, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. अशा वेळी तीन उत्तरं पाठ असावीत. एक, ते भस्म होतं आणि तुम्हाला भस्म कळत नाही. दोन, रुग्णाने पथ्य पाळलं नाही. तीन, ती आमची वेलच नव्हे, तिची बहीण होती.

तिसरं उत्तर सगळ्यात चांगलं, कारण ते खरं असण्याची शक्यता असते. पण ते देण्याआधी एकदा खात्री करून घ्यायची इच्छा झालीच, तर रसायनशाळेत नमुना पाठवता येतो; अहवाल येईल, पैसेही लागतील. तोवर सकाळी दहाला पुन्हा त्याच वाटेवर जा. शेळ्या पुढे असतील, तो मागे. त्याला घरी बोलवा, चहा करा. साखर घालू नका, त्याला सरकारी दवाखान्यातून साखरेच्या गोळ्या चालू आहेत आणि त्या तो वेळेवर घेतो. डबी दाखवू नका, तिच्यातल्या भुकटीत त्याला काही वाचता येणार नाही, फोटोतले आजोबा कुणाचे ते मात्र तो लगेच ओळखील. परसात जे पोतं अजून कुटायचं राहिलं आहे ते ओढून आणा, अंगणात पालथं करा आणि एकेक तुकडा त्याच्या हातात द्या.